प्यायचा बर्फ

मे महिन्यात संध्याकाळी नागपूरच्या फुटाळा तलावाच्या बाजूने गेलं की बर्फगोळ्याच्या गाडीवर बाटल्यांची रांग दिसते. लाल, हिरवी, जांभळट काळी आणि एक भडक केशरी. केशरीकडे बोट दाखवलं की गाडीवाला म्हणतो, ‘ऑरेंज.’ संत्र्याच्या गावात हा माणूस संत्र्याला संत्रं का म्हणत नाही, असं वाटू शकतं. पण तो बरोबर बोलतो. त्या बाटलीत संत्रं नसतंच. साखरेचा पाक, सायट्रिक ॲसिड, रंग आणि इसेन्स असतो. ‘ऑरेंज’ हे तिथं फळाचं नाव नाही, रंगाचं आहे.

त्याच्या हातातल्या वस्तूला नाव काय? बर्फाचा गोळा. नागपुरी बोलीत बर्फगोला. जुनं वऱ्हाडी माणूस डोळ्याला जसं ‘डोया’ म्हणतं तसं याला ‘गोया’ म्हणेल. काही ठिकाणी चुस्की. गोळा म्हटलं की आकार कळला, चुस्की म्हटलं की तोंडाने काय करायचं ते कळलं. या नावांत फळ कुठेच नाही, आणि ‘चुस्की’ या शब्दात तर बर्फही नाही. मोठ्या हॉटेलात जेवणानंतर काचेच्या वाटीत हेच जरा सभ्य होऊन येतं आणि मेनूकार्डावर त्याला ‘सॉर्बे’ म्हणतात. त्या शब्दातही बर्फ नाही.

सॉर्बेचं मूळ अरबी आहे. श-र-ब या तीन व्यंजनांच्या धातूचा अर्थ पिणे. ‘शरिब’ म्हणजे तो प्यायला. त्यावरून ‘शराब’, म्हणजे पेय, कुठलंही पेय. दारू हा त्याचा आपल्याकडे उरलेला अर्थ. त्याच मुळाचं फारसी-तुर्की रूप शरबत, शर्बेत. मराठीने ‘श’चा ‘स’ करून त्याचं सरबत केलं आणि लिंबाला, कोकमाला जोडून टाकलं. मध्ययुगात अरबी वैद्यकाचे ग्रंथ लॅटिनमध्ये गेले तेव्हा ‘शराब’चं ‘सिरोपस’ झालं आणि पुढे इंग्रजीत ‘सिरप’. म्हणजे गोळेवाला ज्याला ‘सिरप’ म्हणतो ते, मेडिकलमधलं खोकल्याचं सिरप, पाहुण्यापुढचं सरबत, गुत्त्यावरची शराब आणि हॉटेलातलं सॉर्बे ही सगळी एका घरची भावंडं. नागपुरात पोळीसाठी मध्य प्रदेशातला जो शरबती गहू घेतात, तोही या घरचा दूरचा नातेवाईक.

आपल्याकडे हा शब्द येण्याआधी काय होतं? पन्हं. ते संस्कृत ‘पानक’वरून आलं, आणि पानक ‘पा’ म्हणजे पिणे या धातूवरून. अरबांनी ‘पिण्याची गोष्ट’ म्हटलं, आपणही ‘पिण्याची गोष्ट’च म्हटलं. मग मराठीने वाटणी केली: कैरीला पन्हं, लिंबाला सरबत. कैरीचं सरबत म्हणून बघा, समोरचा लगेच विचारेल, ‘म्हणजे पन्हंच ना?’

शर्बेत इस्तंबूलमार्गे इटलीत पोचला तेव्हाही तो प्यायचाच होता. फळाचा किंवा फुलाचा गोड अर्क, वर पाणी, आणि उलुदाआ डोंगरावरून आणलेला बर्फ. इटालियन लोकांनी त्याचं ‘सॉर्बेत्तो’ केलं. त्यांच्याकडे ‘सॉर्बिरे’ म्हणजे घोट घेणे, भुरका मारणे, असं क्रियापद आधीपासून होतं. ‘श’चा ‘स’ होताना त्याचाही हातभार लागला असावा. बर्फात मीठ घातलं की थंडी शून्याखाली उतरते, हे तिथल्या स्वयंपाकघरांत रुळल्यावर पेय गोठायला लागलं. नेपल्सच्या अँतोनियो लातिनीने १६९०च्या दशकात गोठवलेल्या सॉर्बेत्तोच्या कृती छापल्या. पेयाचं घन झालं, नाव मात्र पेयाचंच राहिलं.

पुढे हा शब्द जिथे गेला तिथे वेगळा वागला. ब्रिटनमध्ये ‘शर्बेट’ म्हणजे जिभेवर फसफसणारी आंबटगोड भुकटी. ऑस्ट्रेलियात बोलीभाषेत बिअर, म्हणजे पुन्हा शराबच. अमेरिकेत शर्बेट म्हणवून घ्यायला दुधातली १ ते २ टक्के स्निग्धता असावी लागते. दूध अजिबात नसेल तर ते सॉर्बे. ब्राझीलमध्ये ‘सॉर्व्हेची’ म्हणजे सरळ आइस्क्रीम. तेव्हा ‘खरं सॉर्बे कुठलं’ हा वाद घालण्यात अर्थ नाही. दूध नाही, अंडं नाही, फळाचा रस आणि साखर आहे आणि घोटून गोठवलंय, एवढं पुरे.

बर्फ या शब्दाची गंमत वेगळीच. फारसीत ‘बर्फ’ म्हणजे आभाळातून पडतं ते हिम. गोठलेल्या पाण्याला ‘यख’ म्हणतात. आपल्याकडे हिम पडत नाही, म्हणून शब्द रिकामा होता, तो कारखान्यातल्या लादीला लावला. विदर्भात आभाळातून पडणारा बर्फ एकच, गार. ती फेब्रुवारी-मार्चमध्ये संत्र्याच्या बागेवर पडली की शेतकरी कपाळाला हात लावतो. अबुल फजलने लिहून ठेवलंय की अकबर पंजाबात गेला तेव्हापासून, म्हणजे १५८६च्या सुमारापासून, दरबारात डोंगरातला बर्फ यायला लागला. त्याआधी पाणी गार करायला सोरा हा क्षार वापरत. १८३३मध्ये तर अमेरिकेतल्या बोस्टनहून ‘टस्कनी’ नावाचं जहाज तळ्यातला बर्फ घेऊन कोलकात्याला आलं. निघताना सुमारे १८० टन होता, चार महिन्यांनी उतरवताना शंभरेक टन उरला. त्यातला एकही खडा नागपूरच्या उन्हात टिकला नसता, ते सोडा.

आता फळाकडे. ‘नारंग’ हा शब्द संस्कृतातला, मूळ बहुधा द्राविडी. तो फारसीत नारंग, अरबीत नारंज, स्पॅनिशमध्ये नारांखा झाला, फ्रेंचमध्ये पुढचा ‘न’ गळून ‘ओरांज’ आणि शेवटी ऑरेंज. म्हणजे मेनूकार्डावरचं ‘ऑरेंज सॉर्बे’ हे दोन प्रवासी शब्दांचं लग्न आहे: एक इकडून तिकडे गेलेला, एक अरबस्तानातून युरोप फिरून आलेला. ‘संत्रं’ हा शब्द पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून आला असं ठोकून सांगणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही, कारण बाबराच्या आठवणींत ‘संगतरा’ येतो आणि बाबर १५३०मध्ये वारला. किनाऱ्यावर नुकत्या उतरलेल्या पोर्तुगिजांचा शब्द एवढ्यात उत्तरेत रुळला असेल, हे जरा ओढूनताणून वाटतं. मोसंबी मात्र मोझांबिकवरून, हे सहसा मानलं जातं. आणि वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात नागपूरचं संत्रं हे ‘ऑरेंज’ नाहीच, ते मँडरिन, सुटसुटीत सालीचं. ऑरेंजच्या जवळची ती मोसंबी.

हा फरक शब्दांपुरता नाही. सॉर्बे करायला घेतलं की तो अंगावर येतो. परदेशी कृती ‘ऑरेंज’ म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर जाड सालीचं, आंबट, घट्ट फळ असतं. आपलं संत्रं कमी आंबट, साल ढिली, आत बिया बऱ्याच, आणि स्वभाव एका बाबतीत फार खोडकर: रस काढून ठेवला की कडू होतो.

हे का होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण घरी केलेलं संत्र्याचं सॉर्बे दहातल्या आठ वेळा यातच फसतं. फोडींच्या पांढऱ्या पापुद्र्यात आणि बियांत एक पदार्थ असतो, तो स्वतः कडू नसतो. फळ पिळलं, पापुद्रे फाटले, की तो आंबट रसात मिसळतो आणि त्याचं हळूहळू लिमोनिन नावाचं कडू द्रव्य बनतं. लिमोनिन अगदी थोडं असलं तरी जीभ ते पकडते. म्हणून ताजा रस गोड लागतो आणि तोच रस काही तासांनी कडवट. बी फुटली तर आणखी वाईट. रस उकळला तर ही क्रिया वेगाने होते. संत्र्याचा रस डबाबंद करणाऱ्यांनाही याच कडूपणाने छळलंय.

आता वेळेचं. संत्र्याचे आपल्याकडे दोन बहार. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, फळ ऑक्टोबर ते डिसेंबर. मृग बहाराची फुलं जून-जुलैत, फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये, फार तर एप्रिलच्या तोंडापर्यंत. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी इकडचा माल नागपूरच्या कळमना बाजारात येतो तो या दोन हंगामांत. आणि बर्फ हवा असतो मे महिन्यात, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, पारा पंचेचाळीसच्या वर असताना. तेव्हा चांगलं संत्रं मिळत नाही. गोळ्याच्या गाडीवर इसेन्स का, याचं निम्मं उत्तर यात आहे. उरलेलं निम्मं पैशात.

म्हणून मार्चमध्ये रस काढून ठेवायचा आणि मेमध्ये वापरायचा. पण तो कडू होऊ द्यायचा नाही. कसं, ते असं.

एक लिटर रसासाठी अडीच किलो फळ धरा, मध्यम आकाराची अठरा-वीस संत्री होतात. साल ढिली पण लगद्यासारखी मऊ झालेली नको. देठाजवळ घट्ट असावी. आधी धुऊन, पुसून, दोन फळांची साल बारीक किसणीवर वरवर किसून घ्या. फक्त केशरी भाग. पांढरं आलं की हात थांबवा. हा कीस साखरेत टाकून बोटांनी चोळा, साखर ओलसर आणि वासाची होते. सालीतलं तेल साखर धरून ठेवते. पातळ रसात थेट टाकलं तर वर तरंगतं आणि भांड्यालाच लागतं.

मग फळं आडवी कापून काचेच्या किंवा प्लास्टिकच्या घुमटावर हाताने पिळा, हलक्या हाताने. शेवटचा थेंब काढायचा मोह टाळा, कारण शेवटच्या थेंबातच पापुद्र्याचा रस असतो. मिक्सर नाही. बाजारातलं ते हँडल फिरवायचं लोखंडी जूसर, ज्यात फळ सालीसकट दाबलं जातं, तेही नाही. स्टीलच्या गाळणीत बिया आणि चोथा लगेच वेगळा करा. चोथा चमच्याने दाबू नका, निथळू द्या.

आता साखर. सॉर्बेचा सगळा खेळ साखरेच्या टक्केवारीवर आहे. आपल्या संत्र्याच्या रसात स्वतःची गोडी साधारण १० टक्के असते. सॉर्बे चमच्याने निघेल असं हवं तर एकूण २६ ते २८ टक्के लागते. त्याचा हिशेब एक लिटर रसाला सुमारे २४० ग्रॅम होतो. नुसती साखर २४० ग्रॅम घातली तरी चालेल; पण २०० ग्रॅम साखर आणि ५० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज घातलं तर कण बारीक राहतात. ग्लुकोज बेकरीच्या सामानाच्या दुकानात डब्यात मिळतं; हात ओला करून काढा, नाहीतर चिकटून बसतं. साखर विरघळवायला सगळा रस गॅसवर ठेवू नका. पाव लिटर रस कोमट करा, त्यात साखर आणि ग्लुकोज विरघळवा आणि उरलेल्या गार रसात ओता. दोन मोठे चमचे लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. लिंबू चवीसाठी कमी आणि धारेसाठी जास्त आहे. आपलं संत्रं गोठल्यावर अळणी लागतं ते आंबटपणा कमी म्हणून.

चाखून बघाल तर हे मिश्रण जरा जास्तच गोड लागेल. लागू द्या. थंडीत जीभ बधिर होते आणि गोडी उतरते. ज्यांनी ‘एवढी साखर कशाला’ म्हणून निम्मी केली, त्यांच्या वाटीत गोडसर बर्फाची वीट आली. साखर फक्त गोडीसाठी नसते; ती पाण्याचा काही भाग गोठू देत नाही, आणि त्या न गोठलेल्या भागामुळेच चमचा आत जातो. उलट कुणी चारशे ग्रॅम घातली, किंवा हौसेने वाइन ओतली, तर ते फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवूनही काकवीसारखं पातळच राहतं. वजनकाटा नसेल आणि घरात अंडं चालत असेल तर जुनी युक्ती: ताजं अंडं धुऊन मिश्रणात सोडा. दहा रुपयांच्या नाण्याएवढा त्याचा माथा वर दिसला तर प्रमाण जमलं. बुडालं तर साखर कमी, निम्मं वर आलं तर रस वाढवा.

मेसाठी साठवायचं असेल तर इथेच थांबा. पूर्ण सॉर्बे करून दोन महिने ठेवू नका. हे गोड मिश्रण त्याच दिवशी, शक्यतो दोन तासांत, पातळ पसरून गोठवा: बर्फाच्या ट्रेमध्ये, किंवा झिपच्या पिशवीत भरून ताटावर आडवं. पातळ असलं की पटकन गोठतं आणि कडूपणाची क्रिया थंडावते. काचेच्या बाटलीत भरायचा विचार सोडा. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, बाटली तडकते आणि काच रसात. पिशवीसुद्धा काठोकाठ भरायची नाही.

आता सॉर्बे गोठवायचे दोन रस्ते; साठवलेलं मिश्रण असेल तर आधी ते वितळू द्या. घरात जुना लाकडी बादलीचा आइस्क्रीम पॉट असेल तर त्यासारखं काही नाही. मिश्रण आधी फ्रीजमध्ये दोन तास गार करा, डबा दोन तृतीयांश भरा. बादलीत चार किलो फोडलेला बर्फ आणि एक किलो खडे मीठ, थराथराने. मीठ बर्फाला वितळायला लावतं, आणि वितळताना बर्फ प्रत्येक ग्रॅममागे ऐंशी कॅलरी उष्णता ओढतो. ती तो डब्यातल्या रसाकडून घेतो. मीठ-बर्फाचं मिश्रण सिद्धांताप्रमाणे उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं, घरच्या बादलीत उणे दहा-बारा मिळालं तरी काम होतं. बारीक मीठ वापरलं तर ते विरघळून तळाशी जातं आणि वरचा बर्फ कोरडाच राहतो. हँडल आधी सावकाश, जड वाटायला लागलं की न थांबता, वीस-पंचवीस मिनिटं. मेच्या दुपारी बर्फ सहा किलोसुद्धा लागतो, तेव्हा पहाटे करा. झाकणाच्या कडेने खारं पाणी आत गेलं की सगळं वाया, म्हणून बादलीतल्या पाण्याची पातळी झाकणाच्या खालीच ठेवा. त्यासाठीच बादलीला बाजूला भोक असतं. ते बर्फाने बुजलंय का, अधूनमधून बघा.

पॉट नसेल तर स्टीलचा पसरट ट्रे, मिश्रणाची जाडी दोन सेंटिमीटर. ४५ मिनिटांनी कडा गोठतात. काट्याने कडेचं मधे ओढा. मग दर अर्ध्या तासाने, तीन तास. हे दाणेदार होतं, इटालियन त्याला दाण्यावरूनच ‘ग्रानिता’ म्हणतात, आणि खरं सांगायचं तर नागपूरच्या जिभेला हेच जास्त ओळखीचं वाटतं. गुळगुळीत हवं असेल तर पूर्ण गोठू द्या, तुकडे करा, मिक्सरचं भांडं आधी फ्रीझरमध्ये गार करून त्यात दहा-दहा सेकंद थांबत थांबत फिरवा आणि लगेच परत दोन तास गोठवा. भांडं गरम असेल किंवा सलग फिरवलं तर हाती लस्सी येते. बिया आधीच काढल्या आहेत, म्हणून इथे मिक्सर चालतो.

झालेलं सॉर्बे फ्रीझरच्या मागच्या बाजूला ठेवा, दारात नाही. वीज जाऊन येते, फ्रॉस्ट-फ्री फ्रीज अधूनमधून स्वतःच थोडा गरम होतो, त्या प्रत्येक वेळी बारीक कण वितळतात आणि परत गोठताना मोठ्या कणांना चिकटतात. आठवड्यात वर काचेसारखा कडक थर येतो तो याच कारणाने. पृष्ठभागाला चिकटून प्लास्टिकचा कागद लावला तर जरा जास्त टिकतं.

आणि ज्यांना वाटी-चमचा नको, गोळाच हवा, त्यांच्यासाठी खऱ्या संत्र्याचं सिरप. अर्धा लिटर गाळलेला रस, ८०० ग्रॅम साखर, ५० मिलि लिंबाचा रस. गॅस नाही, अर्धा तास ढवळत राहा, विरघळते. एवढं घट्ट का, तर पातळ सिरप बर्फातून सरळ खाली गळतं आणि हातात पांढरा गोळा उरतो. घट्ट सिरप कणांना धरून बसतं, शिवाय साखर बर्फाचा वितळबिंदू खाली आणते, म्हणून सिरप ओतलेला गोळा नुसत्या बर्फापेक्षा दाताला जास्त झोंबतो. वरून टाकलेलं काळं मीठ तेच काम पुढे नेतं. हे सिरप फ्रीझरमध्ये ठेवा. दगड होत नाही, चमच्याने निघतं, आणि कडवटपणाही लांबतो.

बर्फ घरच्या पाण्याचा. पूर्वी गाडीवर उलट्या रंध्यावर लादी घासत, आता दात्यांचं चाक असलेलं यंत्र असतं. घरी बर्फ फडक्यात बांधून लाटण्याने कुटला तरी चालतो, फक्त फडकं कोरडं हवं. लादी विकत आणणार असाल तर निळसर नको. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखता यावा म्हणून निळा रंगवायचा नियम महाराष्ट्रात २०१८पासून आहे. गोळा दाबताना हाताने फार घट्ट आवळू नका, आत सिरप शिरायला जागा राहत नाही.

नवतप्यात वाटीतलं सॉर्बे पाच-सात मिनिटांत पाणी होणारच. ते परत गोठवू नका, कण मोठे होतात. एका वाटीला सव्वा वाटी थंड पाणी घाला, म्हणजे गोडी बारा टक्क्यांवर येते, थोडं लिंबू पिळा आणि ग्लासात ओता.